अन्याय झाला, पण दावा लावता येईल का?

दिल्लीच्या चांदनी चौकात १९५१ साली जुन्या घंटाघराचा मनोरा कोसळला आणि खालची माणसं दगावली. त्यांच्या वारसांनी महापालिकेवर भरपाईचे दावे लावले आणि १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९७५ साली राजकोटमध्ये पायी कामावर निघालेल्या एका माणसाच्या अंगावर रस्त्याकडेचं झाड पडलं आणि त्यात तो गेला. त्याच्याही कुटुंबाने महापालिकेवर दावा लावला. आधीच्या दोन्ही न्यायालयांत ते जिंकले, पण १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि भरपाई नाकारली.

दोन्ही घरांतलं माणूस गेलं होतं. दोन्हीकडे समोर महापालिकाच होती. मग एकाला भरपाई आणि दुसऱ्याला नकार का?

घंटाघराची इमारत सुमारे ८० वर्षांची होती आणि ज्या प्रकारच्या चुन्यात ती बांधली होती, तशा बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षं धरलं जातं. ती पूर्णपणे महापालिकेच्या ताब्यात होती, आणि तिची नीट तपासणी करून घेतल्याचा पुरावा महापालिकेला देता आला नाही. भर बाजारातल्या इतक्या जुन्या मनोऱ्याची काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य होतं आणि ते त्याने पाळलं नाही, असं न्यायालयाने ठरवलं. झाडाच्या बाबतीत न्यायालयाचं म्हणणं वेगळं पडलं. ते अचानक पडलं, त्याचा धोका महापालिकेला आधी लक्षात येण्यासारखा नव्हता, त्यामुळे त्या मृत्यूचं दायित्व तिच्यावर टाकता येणार नाही. मला स्वतःला हा दुसरा निकाल कठोर वाटतो. पण 'दावा कधी लावता येतो' हे समजून घ्यायचं असेल, तर हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्याइतका चांगला धडा नाही. नुकसान दोन्हीकडे होतं. कर्तव्य मोडल्याचं मात्र एकाच ठिकाणी सिद्ध झालं.

नुकसान वेगळं, हक्कभंग वेगळा

तुमच्या किराणा दुकानासमोर दुसऱ्याने दुकान थाटलं आणि तुमचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. नुकसान खरं आहे, पण दावा लागत नाही, कारण गिऱ्हाईक तुमच्याकडेच यावं असा तुमचा हक्क नव्हता. गुजरातमध्ये १९७०च्या दशकात एका धार्मिक चित्रपटाने भावना दुखावल्या म्हणून त्याचं प्रदर्शन थांबवण्यासाठी दावा झाला होता. उच्च न्यायालयाने सांगितलं की धार्मिक भावना दुखावणं हा दिवाणी दाव्याला पुरेसा असा हक्कभंग नाही.

आता उलट बाजू बघा. शेजाऱ्याने कुंपण सरकवून तुमच्या जागेत फूटभर आत आणलं. त्या पट्टीत तुम्ही काही पिकवत नव्हता, एक रुपयाचंही नुकसान झालेलं नाही. तरी दावा लागतो, कारण जमिनीवरचा हक्क तुमचा आहे आणि तो मोडला आहे.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी स्वतःशी एक वाक्य पूर्ण करून बघा: 'माझा अमुक हक्क होता, आणि अमक्याने अमुक दिवशी अमुक करून तो मोडला.' हक्क कशातूनही आलेला असू शकतो. करारातून, खरेदीखतातून, वारसाने, एखाद्या कायद्यातून, किंवा घंटाघराच्या प्रकरणासारखा दुसऱ्याने काळजी घेण्याच्या कर्तव्यातून. हे वाक्य पूर्ण होत असेल तर कायद्याच्या भाषेत तुमच्याकडे 'दाव्याचं कारण' आहे. प्रत्येक वादपत्रात (न्यायालयात दावा मांडणाऱ्या मूळ अर्जात) त्यासाठी वेगळा परिच्छेद असतो: दाव्यास कारण केव्हा आणि कोठे घडले. तो परिच्छेद पोकळ निघाला तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ नुसार न्यायालय पुरावा घेण्यापर्यंत जातच नाही, वादपत्रच नामंजूर करतं.

हक्कांची ही यादी गोठलेली नसते, हेही सांगायला हवं. रस्त्यावरच्या खड्ड्यात पडून हात मोडला तर लोक नशिबाला दोष देऊन गप्प बसत आले. मुंबई उच्च न्यायालयात खड्ड्यांचं प्रकरण २०१३ पासून चालू आहे. तेव्हा न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट आदेश दिला की चांगला, सुरक्षित रस्ता मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि दुखापत झाली तर तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. दावे ठरवण्यासाठी समित्या नेमायलाही सांगितलं. राजकोटच्या झाडापासून इथपर्यंत यायला बराच काळ लागला, आणि हे अंतर कापलं गेलं ते माणसं कोर्टाची पायरी चढत राहिली म्हणूनच.

दावा कोणी लावायचा आणि कोणावर

साधारण नियम असा की ज्याचा हक्क मोडला त्यानेच यायचं. शेजारच्या काकूंना त्यांच्या दिरांनी वाटणी दिली नाही याचा तुम्हाला कितीही संताप आला, तरी दावा काकूंनाच लावावा लागतो. तुम्ही कागद गोळा करायला मदत करू शकता, साक्ष देऊ शकता, मुखत्यारपत्र मिळालं तर त्यांच्या वतीने धावपळही करू शकता. अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाच्या वतीने पालक किंवा जवळची व्यक्ती दावा लावते.

एकाच गोष्टीने अख्खी वस्ती त्रासली असेल तर शंभर जणांनी शंभर दावे लावायची गरज नसते. समान हितसंबंध असलेल्या सगळ्यांच्या वतीने काही जण न्यायालयाच्या परवानगीने एकच प्रातिनिधिक दावा आणू शकतात. सार्वजनिक उपद्रव, म्हणजे गावच्या ओढ्यात सांडपाणी सोडणं, वहिवाटीचा रस्ता अडवणं यांसारखी गोष्ट असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ नुसार दोन किंवा अधिक माणसं परवानगी घेऊन दावा लावू शकतात, आणि त्यासाठी त्यांचं वैयक्तिक नुकसान झालेलं असण्याचीही अट नाही. ही तरतूद फार कमी वापरली जाते याची मला खंत वाटते.

जनहित याचिका याच्याही पुढची. १९८०च्या आसपास सर्वोच्च न्यायालयाने भूमिका घेतली की ज्यांना गरिबीमुळे किंवा कोंडून ठेवल्यामुळे न्यायालयात येताच येत नाही, त्यांच्यासाठी दुसरं कोणी प्रामाणिकपणे आलं तर दार बंद करायचं नाही. मुंबईतलं याचं उदाहरण प्रत्येकाला माहीत असायला हवं. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या १५ स्त्री कैद्यांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. त्या पत्राचीच याचिका झाली. १९८३च्या निकालात न्यायालयाने आदेश दिले की स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात, त्यांवर स्त्री पोलिसांचा पहारा असावा आणि स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. मात्र स्वतःच्या बांधाचं किंवा बढतीचं भांडण जनहिताच्या नावाखाली नेलं तर याचिका फेटाळली जाते आणि वर खर्चाचा भुर्दंड बसतो.

समोर कोण, हेही नीट ठरवावं लागतं. वाटपाच्या दाव्यात एक जरी हिस्सेदार बाहेर राहिला, बहुतेक वेळा लग्न होऊन गेलेली बहीण, तरी दावा अडखळतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मापासूनचा आहे, आणि त्यासाठी वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पक्कं केलं. तेव्हा 'तिने काही मागितलं नाही' म्हणून तिचं नाव गाळणं हे दाव्याच्याही हिताचं नाही.

समोर सरकार असेल तर आधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. फारच तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवायही जाता येतं. महापालिका किंवा नगरपरिषदेने त्यांच्या कायद्याखाली केलेल्या कृतीविरुद्ध जायचं असेल तर नोटीस एक महिन्याची, पण दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कारभाराबद्दल असेल तर बहुतेक वाद सहकार न्यायालयात जातात.

कुठल्या दारात जायचं

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे. पैसे बुडाले की माणूस आधी पोलीस ठाणं गाठतो. तिथे 'हे दिवाणी प्रकरण आहे' असं उत्तर मिळतं आणि त्याला वाटतं की आपल्याला हाकलून दिलं. कधी कधी तसंही होतं. पण उसने घेतलेले पैसे परत न करणं हा स्वतःहून गुन्हा होत नाही. घेतानाच फसवण्याचा हेतू होता, खोटी कागदपत्रं दाखवली, अशी गोष्ट असेल तर गुन्हा होतो. फौजदारी खटल्यात आरोपीविरुद्ध सरकार उभं राहतं, शिक्षा हा त्याचा हेतू असतो, आणि गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात तुम्ही स्वतः उभे असता, हक्क किंवा पैसा मागता, आणि कोणाची बाजू अधिक संभवनीय वाटते एवढ्यावर निकाल होतो. एकाच घटनेतून दोन्ही निघू शकतात आणि दोन्ही एकाच वेळी चालूही शकतात.

चेक न वटणं हा या दोहोंच्या मधला प्रकार आहे, आणि त्यातला कालक्रम अगदी काटेकोर आहे. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोहोचल्यापासून पैसे द्यायला समोरच्याला १५ दिवस, आणि ते संपल्यापासून एक महिन्यात मॅजिस्ट्रेटकडे तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दिवाणी न्यायालयाला दिवाणी स्वरूपाचे सगळे दावे चालवण्याचा अधिकार आहे, पण ज्या बाबतीत कायद्याने तो काढून घेतला आहे त्या सोडून. आणि महाराष्ट्रात अशा सोडलेल्या बाबी बऱ्याच आहेत. कुळाचे प्रश्न तहसीलदाराकडे. शेतात जायचा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करायचा, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. फेरफार नोंद चुकीची वाटली तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील. इथे एक मोठा गैरसमज आहे: सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं होत नाही. ती महसुलासाठी केलेली नोंद आहे. मालकीचा खरा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो, त्यामुळे फेरफाराच्या अपिलात हरलात म्हणून जमीन गेली असं मानून घरी बसू नका.

बिल्डरने ताबा दिला नाही तर महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. मुलं विचारत नसतील, तर ज्येष्ठ आईवडिलांना २००७च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. अपघातात जखमी झालात किंवा घरचं माणूस गेलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, आणि तो दावा तुम्ही राहता त्या भागातही लावता येतो. १ एप्रिल २०२२ पासून या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या तरतुदीला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.

पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत किंवा सेवेत खोट निघाली तर ग्राहक आयोग हा सामान्य माणसासाठी सर्वांत सोपा रस्ता आहे. २०१९चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने एक फार मोलाची गोष्ट दिली: तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच करता येते. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी लातूरच्या माणसाने लातूरलाच जायचं. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत दोन वर्षं. पैसे घेऊन उपचार करणारी रुग्णालयंही यात येतात. वकील मात्र येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली तसं ठरवलं.

यांतलं काहीच लागू नसेल तर दिवाणी न्यायालय. जमिनीचा दावा जमीन जिथे आहे तिथे. पैशाचा दावा प्रतिवादी राहतो तिथे किंवा दाव्याचं कारण घडलं तिथे. तालुक्याच्या ठिकाणी ५ लाखांपर्यंतचे दावे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात, त्यावरचे वरिष्ठ स्तर न्यायालयात. मुंबईत नगर दिवाणी न्यायालयाची मर्यादा जानेवारी २०२४ पासून १० कोटी झाली आहे, आणि भाडेकरूंचे वाद लघुवाद न्यायालयात जातात.

मुदत

जे सांगण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते हे आहे. खरा हक्क असूनही माणसं हरतात, आणि त्याचं एक फार मोठं कारण म्हणजे उशीर. मुदत कायदा, १९६३ सांगतो की मुदत संपल्यावर आलेला दावा न्यायालयाने फेटाळायचाच, समोरच्याने तो मुद्दा काढला नसला तरी. अपिलाला उशीर झाला तर योग्य कारण दाखवून माफी मिळू शकते. मूळ दाव्याला तशी माफी नाही. आजारपण, मुलीचं लग्न, वकील बदलला, यांतलं काहीही चालत नाही.

पैसे, करार, नुकसानभरपाई अशा बहुतेक दाव्यांना ३ वर्षं. मालकी हक्कावरून जमिनीचा किंवा घराचा ताबा परत मागायला १२ वर्षं. बदनामीच्या भरपाईला फक्त १ वर्ष.

तीन वर्षं कधीपासून मोजायची, इथे लोक फसतात. समजा तुम्ही मेहुण्याला 'मागेन तेव्हा दे' असं म्हणून दोन लाख रुपये उसने दिले. तुम्हाला वाटतं, त्याने नाही म्हटलं त्या दिवसापासून तीन वर्षं. कायदा म्हणतो, पैसे दिले त्या दिवसापासून. तुम्ही नात्याखातर मागितलेच नाहीत आणि तीन वर्षं एक दिवस झाला, की दावा गेला. परतफेडीची तारीख लिहून घेतली असेल तर मुदत त्या तारखेनंतर सुरू होते. म्हणून पैसे देताना साध्या कागदावर तारीख घालून चार ओळी लिहून घेणं हा मेहुण्यावरचा अविश्वास नाही; पुढे नातं आणि पैसा दोन्ही वाचवायचा तोच मार्ग आहे.

मुदत नव्याने सुरू करता येते, पण संपायच्या आत. देणेकऱ्याने सही करून 'अमुक रक्कम मी देणं लागतो' असं लिहून दिलं, तर त्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. त्याने थोडी रक्कम परत केली आणि त्याची त्याच्या सहीची लेखी नोंद असली तरी तेच. मुदत संपल्यावर नुसती कबुली देऊन उपयोग नाही. तेव्हा मात्र 'ते जुनं कर्ज मी फेडीन' असं सहीनिशी स्पष्ट वचन मिळालं, तर करार कायद्याखाली ते वचन बंधनकारक ठरतं. तोंडी 'देतो हो, बघतो पुढच्या हंगामात' याला या सगळ्यात काही किंमत नाही.

वकिलामार्फत नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही. पोलिसांत अर्ज दिला, तंटामुक्ती समितीत बैठक झाली, आमदारांनी शब्द टाकला, तरी थांबत नाही. कायद्यानेच सक्तीची केलेली नोटीस, जशी सरकारला द्यावी लागते, तिचा काळ तेवढा वजा होतो. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे आणि नेटाने लढण्यात गेलेला काळही वजा धरता येतो. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. अज्ञान मुलाला सज्ञान झाल्यावर साधारणतः तीन वर्षांपर्यंत मुभा मिळते. आणि १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा करोनाचा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मोजणीतून वगळलेला आहे. जुन्या व्यवहारात हे विसरू नका, काही जणांचा दावा यामुळेच अजून जिवंत असू शकतो.

दावा लागल्यावर

वादपत्रासोबत कागद जोडायचे, कोर्ट फी भरायची, मग प्रतिवादीला समन्स जातं. त्याने ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची. त्यातून वादाचे मुद्दे निघतात. तुम्ही सरतपासाचं, म्हणजे स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्र देता, समोरचा वकील उलटतपास घेतो, मग त्यांचा पुरावा, युक्तिवाद आणि निकाल. प्रत्यक्षात याला वर्षं लागतात हे कोणापासून लपलेलं नाही. म्हणून तातडीचं काही असेल, जमीन विकली जातेय किंवा भिंत पाडली जातेय, तर दाव्यासोबतच तूर्तातूर्त (निकाल लागेपर्यंतच्या) मनाई हुकमाचा अर्ज द्यावा लागतो. एकाच कारणातून जे जे मागायचं आहे ते पहिल्याच दाव्यात मागा. ताबा आज मागितला आणि नुकसानभरपाई पुढच्या वर्षी मागू म्हटलं तर अडचण येते.

व्हॉट्सअॅपचे संदेश, फोनवरचं ध्वनिमुद्रण, सीसीटीव्ही हा पुरावा चालतो, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन जपून ठेवा, विकू नका.

समन्स तुमच्या घरी आलं असेल तर घेणं टाळू नका. घेतलं नाही म्हणून दावा थांबत नाही, तो तुमच्याशिवाय चालतो आणि एकतर्फा हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) होतो. तो रद्द करून घेणं शक्य असतं, पण कारण पटवावं लागतं. कोणीतरी आपल्याविरुद्ध मनाई आणणार अशी कुणकुण लागली तर आधीच कॅव्हेट दाखल करता येतं. ते ९० दिवस चालतं आणि तेवढ्या काळात न्यायालय तुमचं ऐकल्याशिवाय हुकूम देत नाही.

निकाल तुमच्या बाजूने लागला तरी पैसे आपोआप हातात पडत नाहीत. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावावी लागते. तिला १२ वर्षांची मुदत आहे, आणि दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावलं आहे. समोरच्याच्या नावावर काय आहे, बँक खातं, जमीन, गाडी, पगार, हे तुम्हालाच शोधून न्यायालयाला सांगावं लागतं. त्यामुळे हा शोध दावा लावायच्या आधी घ्या. ज्याच्या नावावर खरोखरच काही नाही, त्याच्यावर पाच वर्षं दावा चालवण्यापेक्षा लोकअदालतीत हप्ते बांधून घेतलेले बरे. लोकअदालतीतल्या तडजोडीला हुकूमनाम्याइतकंच बळ असतं, तिच्यावर अपील होत नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

खर्च आणि मदत

महाराष्ट्रात पोटगी, वैवाहिक संबंधातून निघालेले मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबतींत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. १९९४च्या शासकीय अधिसूचनेने ही सवलत दिली आणि ती माहीत नसल्यामुळे आजही बायका दागिने मोडून फी भरतात. कोर्ट फी भरण्याची ऐपतच नसेल तर निर्धन म्हणून दावा लावण्याची परवानगी मागता येते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. सगळ्या स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतल्या व्यक्ती आणि आपत्तिग्रस्त यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. प्रत्येक तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. जाताना व्यवहाराचे कागद, ओळखपत्र, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला आणि एका कागदावर तारीखवार लिहिलेला घटनाक्रम न्या: काय झालं, कधी झालं, कोणासमोर झालं. पहिली तारीख ठळक लिहा, म्हणजे मुदत उरली आहे की नाही हे तिथे बसलेल्या माणसाला लगेच मोजता येईल.